मोटारीचा दिवा: डायनामो व ऑल्टरनेटर

नेवासें हें प्रवरेच्या तीरावरील जुनें गांव. शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० सालीं, श्रीज्ञानेश्वरांनीं येथेंच भावार्थदीपिका सांगितली. ज्या खांबाला ते टेकून बसले अशी परंपरा आहे, त्या पैस खांबाच्या दर्शनास आजही यात्रेकरू येतात. गांवाबाहेर नेवासें फाटा आहे. अहमदनगराहून, म्हणजे आतांच्या अहिल्यानगराहून, छत्रपति संभाजीनगरकडे जाणारा हमरस्ता या फाट्यावरून जातो. सोनई व भेंडें येथील साखर कारखान्यांचे हंगाम सुरू झाले कीं, या तालुक्यांतील रस्त्यांवर रात्रीही उसाच्या गाड्या चालतात. बैलगाडीच्या मागें दिवा असतोच असें नाहीं. अशा वेळीं मागून येणाऱ्या मोटारीचा दिवा मंद पडला, तर त्याचें मोल माणसाच्या किंवा मुक्या जनावराच्या जिवानें द्यावें लागतें. म्हणून हा दिवा ज्या यंत्राच्या बळावर जळतो, त्याचा इतिहास जाणून घेणें केवळ मनोरंजनाचें नाहीं.

आरंभीच्या मोटारींना तेलाचे किंवा कार्बाइडच्या वायूचे दिवे असत, आणि इंजिन हँडल मारून सुरू करावें लागे. १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत विजेचे दिवे व विजेनें इंजिन सुरू करण्याची सोय आली. परंतु बॅटरी हें विजेचें कोठार आहे, खाण नव्हे. कोठारांतून जेवढें काढावें तेवढें पुन्हां भरावें लागतें. हें भरण्याचें काम डायनामोकडे आलें.

त्याचें मूळ तत्त्व मायकेल फॅरेडे यांनीं १८३१ सालीं शोधून काढलें होतें. तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हलविला कीं तारेंत वीज उत्पन्न होते. पुढच्याच वर्षीं पॅरिस येथील हिपोलीट पिक्सी यांनीं हातानें फिरविण्याचें यंत्र तयार केलें. मौजेची गोष्ट अशी कीं, फिरत्या यंत्रांतील वीज स्वभावतःच क्षणांत पुढें व क्षणांत मागें वाहते. बॅटरीला मात्र एकाच दिशेची वीज पाहिजे. डायनामोंत हा पालट तांब्याच्या तुकड्यातुकड्यांचें एक फिरतें नळकांडें करी, आणि त्यावर घासणारे कार्बन सारी वीज बाहेर आणीत.

१ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर अशी राज्य परिवहनाची पहिली एस. टी. धावली. त्या पिढीच्या गाड्या डायनामोच्याच होत. पुढें अ‍ॅम्बॅसिडर व फियाट या मोटारींनींही कित्येक वर्षें डायनामोच वापरला. त्याची वीज सुमारें वीस अँपिअर. इंजिन मंद चालत असतां तीही जवळजवळ बंद पडे, व दिवे बॅटरीच्या शिलकीवर जळत.

ऑल्टरनेटरानें ही मांडणीच उलटी केली. यांत चुंबक फिरतो आणि वीज स्थिर वेटोळ्यांत उत्पन्न होते. कार्बनांना फक्त चुंबकापुरती थोडी वीज पोंचवावी लागते, म्हणून ते पुष्कळ टिकतात. दिशा एक करण्याचें काम सिलिकॉनचे लहानसे डायोड करतात. डायोड म्हणजे विजेला एकाच बाजूनें वाट देणारें दार. हे डायोड स्वस्त व टिकाऊ झाले, तेव्हां हें यंत्र सामान्य मोटारींत आलें. अमेरिकेंत १९६० सालच्या क्रायस्लर व्हॅलियंट गाडीपासून त्याचा प्रसार झाला. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्यें आलेल्या मारुति ८०० मोटारीनें तें घरोघर पोंचविलें.

यंत्र बदललें, परंतु माणसांच्या संवयी तितक्या लवकर बदलल्या नाहींत. डायनामोच्या काळीं चालत्या इंजिनावर बॅटरीची तार काढून पाहण्याची रीत होती. इंजिन चालू राहिलें कीं डायनामो ठीक, असें समजत. हीच परीक्षा ऑल्टरनेटरावर केली, तर विजेचा दाब एकाएकीं उसळतो व डायोड जळून जातात. बॅटरी उलटी जोडली गेली, तर डायनामोवर कांहीं उपाय चाले; ऑल्टरनेटराचे डायोड मात्र क्षणांत निकामी होतात. जुनें ज्ञान खोटें नव्हतें; तें जुन्या यंत्राचें होतें.

दुसरी चूक बॅटरीला दोष देण्याची. दिवे मंदावले कीं लोक नवी बॅटरी विकत घेतात, आणि थोड्याच दिवसांत तीही रिकामी होते. वास्तविक परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद असतां भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारें १२.६ व्होल्ट असतो. इंजिन चालू केल्यावर बहुतेक गाड्यांत तो चौदाच्या आसपास चढला पाहिजे. चढला नाहीं, तर आधीं पट्टा ढिला किंवा तारेचें टोक गंजलेलें आहे काय तें पाहावें. इंजिन चालू असतां लाल दिवा न विझणें व बेअरिंग घरघरणें याही इशाऱ्याच्या खुणा होत. इंजिन धुतांना पाण्याचा जोराचा फवारा या यंत्रावर सोडूं नये.

यंत्र बदलावेंच लागलें, तर प्रथम बॅटरीची ऋण टोकाची तार काढावी. कारण ऑल्टरनेटराच्या जाड तारेंत इंजिन बंद असतांही वीज असते. मग तारांच्या जागा लिहून ठेवाव्या, पट्टा सैल करून उतरवावा आणि बोल्ट काढावे. जुनें व नवें यंत्र शेजारीं ठेवून पुली व बोल्टांचीं भोकें जुळतात कीं नाहीं तें पाहावें. पट्टा ताणतांना तो फार सैल नसावा व फार ताठही नसावा. ताठ पट्टा बेअरिंग खातो. बॅटरीची तार सर्वांच्या शेवटीं जोडावी. रिकामी बॅटरी बाहेरून भरून घ्यावी. तो भार नव्या यंत्रावर टाकूं नये.

हीं सर्व कामें मिळून फार तर अर्ध्या दिवसाचीं आहेत. तीं दिवसाउजेडीं घरीं किंवा कारखान्यांत उरकलीं, तर फाट्यावरून रात्रीं निघालेल्या मोटारीला पुढची बैलगाडी वेळेवर दिसते, आणि गाडीवान आपल्या बैलांसह सुखरूप घरीं पोंचतो.