फुटबॉलमधील धडक : फाऊल केव्हा ठरतो?

बंगळूरच्या श्री कांतीरवा स्टेडियमवर ५ डिसेंबर २००४ रोजी फेडरेशन चषकाचा अंतिम सामना रंगला होता. गोव्याच्या धेंपो संघाचा ब्राझिलियन आघाडीवीर क्रिस्तियानो ज्युनियर याने मोहन बागानविरुद्ध आपला दुसरा गोल केला आणि त्याच क्षणी गोलरक्षकाशी झालेल्या धडकेत तो कोसळला. धेंपोने सामना २-० असा जिंकला. पण ज्युनियरचा मृत्यू झाला. चेंडूसाठी दोन खेळाडू एकाच वेळी झेपावतात तेव्हा काय पणाला लागलेले असते, याची ही दुःखद साक्ष होय.

फुटबॉल हा अंगाला अंग भिडणारा खेळ असल्याने प्रत्येक धडक म्हणजे फाऊल नव्हे. चेंडू खेळण्याजोग्या अंतरात असताना, हात वा कोपर न वापरता खांद्याला खांदा भिडवणे नियमसंमत आहे. मैदानावरील आपल्या जागेवर उभे राहण्याचा हक्कही प्रत्येक खेळाडूला असतो. उभ्या खेळाडूवर प्रतिस्पर्धी येऊन आदळला, तर केवळ वाटेत असल्याने तो दोषी ठरत नाही. मुद्दाम वाटेत सरकल्यास मात्र ठरतो.

फाऊलची प्रतवारी नियम क्रमांक १२ मध्ये दिलेली आहे. खेळाडूने पुरेशी काळजी घेतली नाही, तर तो निष्काळजीपणा होय. त्याबद्दल प्रतिपक्षाला थेट फ्री किक मिळते, बचाव करणाऱ्याच्या पेनल्टी क्षेत्रात असल्यास पेनल्टी किक. तेवढ्यासाठी कार्ड दाखवले जात नाही. प्रतिस्पर्ध्याला होणाऱ्या धोक्याची पर्वाच केली नाही, तर ती बेपर्वाई. तिला पिवळे कार्ड. गरजेपेक्षा अधिक बळ वापरून प्रतिस्पर्ध्याची सुरक्षितता धोक्यात आणली, तर थेट लाल कार्ड. ही पायरी ठरवताना पंच खेळाडूचा वेग, चेंडूपासूनचे अंतर, पायाची उंची आणि बुटाच्या तळाची दिशा पाहतात. हवेतील झुंजीत कोपर कुठे आहे, हे महत्त्वाचे असते.

प्रेक्षकांत दोन गैरसमज रूढ आहेत. ‘आधी चेंडूला पाय लागला’ या कारणाने नियमात माफी नाही. चेंडू मिळवूनही खेळाडू बेपर्वा ठरू शकतो. ‘मुद्दाम केले नाही’ हा बचावही टिकत नाही. पूर्वी अशा फाऊलसाठी हेतू पाहिला जाई. १९९० च्या दशकात नियमांतून तो निकष वगळण्यात आला.

१९८२ च्या विश्वचषकात सेव्हिल येथील उपांत्य सामन्यात पश्चिम जर्मनीचा गोलरक्षक हाराल्ड शुमाखर फ्रान्सच्या पॅट्रिक बॅटिस्टनवर वेगाने आदळला. बॅटिस्टन बेशुद्ध पडला, त्याचे दात तुटले. तरी पंचांनी साधा फाऊलही दिला नाही. आजच्या निकषांवर ते लाल कार्डच ठरावे.

२०१८ पासून विश्वचषकात पंचांच्या मदतीला व्हीएआर ही चित्रफीत-पडताळणी आहे. मात्र तिच्या वापराचा दंडक सूचक आहे. स्पर्श कुठे झाला, हे धीम्या गतीत पाहावे. धडकेची तीव्रता मात्र मूळ वेगातच जोखावी. कारण धीम्या गतीत साधी धडकही क्रूर भासते आणि क्रूर धडक कधी कधी सौम्य वाटते. यंत्र दृश्य दाखवते. न्याय अखेर पंचालाच करावा लागतो.