खान्देशच्या गाडवाटा आणि सायकल

जळगाव शहराला लागून असलेले मेहरूण दोन गोष्टींसाठी ओळखले जाते. एक तेथील तलाव आणि दुसरी बोरे. फळबागांच्या पुस्तकांत उमराण, कडाका या जातींच्या बरोबरीने ‘मेहरूण’ ही बोराची स्वतंत्र जात नोंदलेली आहे. शहर वाढत गेले, तशा बोरीच्या बागा घटल्या आणि त्यांच्या जागी वसाहती उभ्या राहिल्या. मात्र बागांमधून शिवारात उतरणाऱ्या वाटांपैकी काही अजून शिल्लक आहेत. पहाटे तलावाकाठी फिरायला येणाऱ्यांच्या गर्दीत आता सायकलस्वारही दिसू लागले आहेत. तलावाला फेरी मारून शहरात परतणारे त्यात अधिक असतात. काही जण मात्र शिरसोलीच्या अंगाने पुढे निघून डांबरी सडक सोडतात आणि मुरमाच्या वाटेला लागतात. या प्रकाराला जगभर ‘ग्रॅव्हल सायकलिंग’ असे नाव आहे. खडी, मुरूम, माती यांच्या कच्च्या रस्त्यांवरून केलेला लांब पल्ल्याचा सायकलप्रवास, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

नवे नाव, जुनी वाट

सायकल शर्यतींच्या आरंभीच्या काळात युरोपातील बहुतेक रस्ते कच्चेच होते. पुढे डांबर आले आणि सायकलींचे टायर अरुंद होत गेले. इटलीच्या टस्कनी प्रांतातील पांढऱ्या मातीचे रस्ते टिकावेत, या हेतूने १९९७ मध्ये गायोले या गावी जुन्या सायकलींचा ‘लेरोइका’ हा उपक्रम सुरू झाला. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात २००६ पासून चकमकीच्या खडीवरची लांब पल्ल्याची शर्यत भरू लागली. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने २०२२ मध्ये इटलीतील व्हेनेतो प्रांतात या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा घेतली.

ग्रॅव्हल सायकल ही शर्यतीची सायकल आणि डोंगरी सायकल यांच्या मधली असते. तिचे हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले असते आणि तिला डिस्क ब्रेक व चढावासाठी हलके गिअर असतात. टायर साधारण ३५ ते ५० मिलिमीटर रुंदीचे असून त्यात हवा कमी ठेवली जाते. त्यामुळे टायर खडीवर उसळत नाही, दबून पुढे सरकतो.

या संदर्भात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. खान्देशातील दूधवाले, शेतमजूर आणि शाळामास्तर यांनी वर्षानुवर्षे वापरलेल्या काळ्या, दांडीच्या सायकलीला २८ इंच व्यासाचा आणि दीड इंच रुंदीचा टायर असे. आजच्या मापात ही रुंदी सुमारे ४० मिलिमीटर, म्हणजे ग्रॅव्हल सायकलीइतकीच भरते. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावून नाल्याच्या वाटेने डेअरी गाठणाऱ्या माणसाला या खेळाचे नाव ठाऊक नव्हते, पण त्यातील कसब त्याच्या अंगी होते. तेव्हा महागडी सायकल नाही म्हणून कोणी थांबण्याचे कारण नाही. रुंद टायर, चांगले ब्रेक आणि घट्ट आवळलेले नटबोल्ट एवढी सुरुवात पुरेशी आहे.

जमिनीचा स्वभाव

खान्देशात सायकल कोठे चालेल हे नकाशापेक्षा माती सांगते. तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या खोऱ्यांत खोल काळी कपाशीची जमीन आहे. ही माती पावसात फुगते आणि चाकाला अशी चिकटते की चाक व फ्रेम यांच्यामधील फट भरून सायकल जागीच थांबते. उन्हाळ्यात याच मातीला भेगा पडतात. त्यांत चाक अडकून पडण्याचा धोका असतो. याउलट टेकड्यांच्या पायथ्याशी, नाल्यांच्या वरच्या अंगाला आणि गावठाणांच्या माळावर मुरूम आहे. मुरमात पाणी थांबत नाही, त्यामुळे पाऊस उघडला की थोड्याच काळात वाट चालण्याजोगी होते. म्हणून पावसाळ्यात माळाची आणि हिवाळ्यात शिवाराची वाट धरावी.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम हंगाम होय. मार्चपासून पहाटेचे दोन-तीन तासच हाती राहतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा या वाटांवर जाणे धाडस नसून अविचार ठरतो.

उन्हाइतकाच दुसरा शत्रू म्हणजे काटा. बाभूळ, वेडी बाभूळ, सराटे आणि ज्या बोरीसाठी मेहरूण प्रसिद्ध आहे त्या बोरीचेही काटे टायरमध्ये शिरतात. शेताच्या कुंपणासाठी तोडलेल्या फांद्या वाटेवर पडलेल्या असतात. ट्यूबविरहित टायरमध्ये भोक आपोआप बुजवणारे द्रव घालता येते. साधी ट्यूब वापरणाऱ्याने मात्र दोन जादा ट्यूब, पंक्चरचे साहित्य आणि हातपंप घेतल्याशिवाय निघू नये.

शिवारातील मार्ग

मेहरूणहून शिरसोलीकडे जाताना जैन हिल्सच्या परिसरात २०१२ मध्ये खुले झालेले ‘गांधी तीर्थ’ हे संग्रहालय लागते. तेथून पुढे रामदेववाडीच्या बाजूला जंगलाचा पट्टा सुरू होतो. येथे मुरमाचे चढउतार आणि कोरडे नाले आहेत. नवख्याने सरावासाठी हाच भाग निवडावा. शरीर तयार असणाऱ्यांना म्हसावदवरून गिरणा ओलांडून एरंडोल तालुक्यातील पद्मालय गाठता येते. कमळांचे तळे, गणपतीचे देवस्थान आणि भोवतालचे रान यांमुळे ही एका दिवसाची परिपूर्ण सहल होते.

उत्तरेकडचा मार्ग सपाट आहे. बहिणाबाई चौधरी यांचा १८८० मध्ये जन्म झालेले आसोदे गाव शहरापासून जवळ आहे. कपाशी, ज्वारी आणि भरिताच्या वांग्यांची शेते येथून दोन्ही बाजूंना पसरलेली दिसतात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तापी ओलांडून यावल व रावेर तालुक्यांत गेले की केळीच्या बागा सुरू होतात. बागांमधील वाटा पाण्याच्या पाटांनी ओल्या असतात आणि कापणीच्या दिवसांत तेथे ट्रॅक्टर व ट्रक यांची सतत ये-जा असते. त्यांना वाट देणे हे सायकलस्वाराचे काम आहे. वायव्येस गिरणाकाठी कानळदा आहे. कण्व ऋषींच्या आश्रमाची परंपरा तेथे सांगितली जाते.

त्यापुढे सातपुडा. यावल अभयारण्य १९६९ मध्ये जाहीर झाले. साग, अंजन आणि सालई यांचे हे कोरडे, पानगळीचे जंगल हिवाळ्याच्या अखेरीस उघडे पडते आणि डोंगराच्या रेषा स्पष्ट दिसू लागतात. पाल हे थंड हवेचे ठिकाण आणि मनुदेवीचा धबधबा याच रांगेत येतात. पायथ्याशी तडवी आणि पावरा समाजांची गावे आहेत. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय प्रवेश करता येत नाही. आखून दिलेला मार्ग सोडू नये आणि सूर्यास्तापूर्वी बाहेर पडावे. दक्षिणेस चाळीसगावजवळील पाटणादेवीचा परिसर गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो. तेथेही हाच नियम लागू आहे.

धुळ्याच्या बाजूला लळिंगचा किल्ला आणि त्याखालचे कुरण हा मार्ग गवताळ माळाचा आहे. तेथील लांडोर बंगल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ मध्ये मुक्काम केला होता. त्या स्मरणार्थ दरवर्षी ३१ जुलैला तेथे यात्रा भरते. साक्री तालुक्यात पांझरेच्या काठाने गेल्यास फड बागायतीचे बंधारे आणि पाट दिसतात. एका बंधाऱ्याचे पाणी शेतकऱ्यांनी आपसांत ठरवलेल्या पाळीने वाटून घेण्याची ही शतकांची पद्धत पाटाकाठच्या वाटेवरून जितकी समजते, तितकी मोटारीच्या काचेतून समजत नाही.

स्पेनचा धडा

या खेळासाठी जगभरचे हौशी सायकलस्वार ज्या देशांकडे वळतात, त्यांत स्पेन अग्रेसर आहे. तेथील भूमध्यसागरी हवामान, कोरडी वने आणि टेकड्यांवरची पांढऱ्या घरांची गावे हे त्याचे एक कारण. एकट्या हाएन प्रांतात ऑलिव्हची सहा कोटींहून अधिक झाडे आहेत. खान्देशात शिवार जसे कपाशीने व केळीने भरते, तसे तेथील डोंगर ऑलिव्हच्या रांगांनी भरलेले असतात.

दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण म्हणजे तेथे वाटा राखल्या गेल्या. हाएन ते पुएन्ते हेनिल या मार्गावरून ऑलिव्ह तेल वाहून नेणारी रेल्वे १९८५ मध्ये बंद झाली. रूळ गेले, पण मार्ग विकला गेला नाही. बंद रेल्वेमार्गांचे पादचारी व सायकलमार्ग करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९९३ मध्ये सुरू झाला आणि आज तेथे १२८ किलोमीटरचा ‘तेलाचा हरितमार्ग’ आहे. जुने लोखंडी पूल व बोगदे तसेच ठेवून काही स्थानकांत खानावळी उघडण्यात आल्या. मेंढपाळांच्या परंपरागत वाटांसाठी १९९५ मध्ये वेगळा कायदा झाला. त्या सार्वजनिक मालकीच्या असून विकता येत नाहीत. मेंढरांच्या वाटेवरून चालणे, घोड्यावरून जाणे आणि बिनमोटारी वाहनाने फिरणे हे पूरक उपयोग त्या कायद्याने मान्य केले आहेत.

खान्देशालाही अशीच एक रेल्वे होती. पाचोरा ते जामनेर ही अरुंदमापी गाडी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सुरू झाली. शेंदुर्णी, पहूर या गावांना जोडणारी ही ‘पीजे’ मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती पुन्हा धावली नाही. हा मार्ग रुंद करून पुढे वाढवण्याचा प्रकल्प मंजूर झाला आहे आणि लोकांची गरज पाहता तेच योग्य होय. त्यामुळे स्पेनचा कित्ता येथे जसाच्या तसा गिरवता येणार नाही. येथे राखण्यासारखी वाट वेगळी आहे. ती शेतकऱ्याची आहे.

वाट कोणाची?

गाव नकाशात दुहेरी तुटक रेषांनी दाखवलेला रस्ता म्हणजे गाडीमार्ग. त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरली जाते. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग आणि त्याची रुंदी सव्वाआठ फूट. कागदावर या वाटा आजही आहेत. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंचे बांध दरवर्षी नांगरटीत वितभर पुढे सरकतात आणि काही वर्षांत बैलगाडीची वाट माणसापुरती उरते. मग काढणीला आलेला माल शेतातच अडतो, भावकीत वाद होतात आणि प्रकरण तहसीलदाराकडे जाते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ नुसार बांधावरून जाण्याच्या हक्काचा निर्णय तहसीलदार देऊ शकतात. अस्तित्वातील वाट अडवली गेल्यास मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ अन्वये अडथळा दूर करण्याचा आदेश मिळू शकतो. राज्य शासनाने २०१८ मध्ये पालकमंत्री शेत/पाणंद रस्ते योजना आणि २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आणली, ती याच अडचणीपोटी.

शहरातून येणाऱ्या सायकलस्वाराला कच्ची वाट रम्य वाटते. पावसाळ्यात त्याच वाटेने आजारी माणूस दवाखान्यात न्यायचा असतो, हे त्याने विसरू नये. वाट कच्चीच राहावी, अशी इच्छा धरण्याचा त्याला अधिकार नाही. सुदैवाने या ठिकाणी दोघांचे हित एकच आहे. अतिक्रमण काढलेली, बाजूने पाणी वाहून जाईल अशी चर असलेली, मुरूम व खडी दाबून बसवलेली वाट बैलगाडीला, ट्रॅक्टरला आणि सायकलीला सारखीच उपयोगी पडते. वाट मोडली, तर शेतकऱ्याचे पीक अडते आणि सायकलस्वाराची सहल बुडते. यांपैकी पहिले नुकसान मोठे आहे, म्हणून त्याच्या मागणीला पाठिंबा देणे हाच या खेळाचा खरा स्वार्थ ठरतो.

पाळावयाचे नियम

खाजगी बांधावरून जाण्याआधी विचारावे. ‘दादा, इकडून जाऊ का?’ एवढे म्हटले तरी सहसा नकार मिळत नाही. उभ्या पिकातून सायकल काढू नये. बोरे, पेरू, हरभरा मागून घ्यावा, तोडून घेऊ नये. फाटक उघडले तर पुन्हा लावावे, कारण आत गुरे असतात. मेंढ्यांचा कळप समोर आला तर उतरून उभे राहावे. धुळे भागातील ठेलारी मेंढपाळांचे या वाटांवरील येणे-जाणे सायकलींच्या कितीतरी आधीचे आहे. गिरणेच्या पात्राजवळ वाळूच्या वाहनांपासून सावध राहावे. ओल्या काळ्या मातीत सायकल घालून वाटेवर खोल चाकोऱ्या पाडू नयेत. त्या वाळल्या की बैलाचा पाय मुरगळतो.

प्रत्येकी किमान दोन-तीन लिटर पाणी, टोपी, प्रथमोपचाराचे साहित्य आणि नकाशा बरोबर असावा. मोबाइलचे जाळे सातपुड्याच्या दऱ्यांत मिळेलच असे नाही. म्हणून निघण्यापूर्वी घरी मार्ग सांगून ठेवावा आणि एकट्याने जाऊ नये. जळगाव हे मुंबई, सुरत आणि भुसावळकडील लोहमार्गांवरील स्थानक असल्याने बाहेरगावच्या सायकलस्वारांना येणे सोपे आहे. जेवणाची सोय गावोगावी होते. हिवाळ्यात एखाद्या मळ्यात भरिताचा बेत असेल आणि कळण्याची भाकरी पुढे आली, तर नाही म्हणू नये.