रडीचा डाव?

फ्लोरिडाची २०००ची फेरमोजणी म्हटली की सगळ्यांना अर्धवट भोकं पडलेल्या मतपत्रिका आठवतात. मला आठवतात दोन वाक्यं.

गोर यांची माणसं म्हणायची, 'प्रत्येक मत मोजा.' बुश यांच्या बाजूने जेम्स बेकर सांगायचे, मतं मोजून झाली, पुन्हा मोजूनही झाली. मतदानाच्या रात्रीच वाहिन्यांनी बुशना विजयी करून टाकलं होतं. गोर यांनी फोन करून हार मान्य केली आणि थोड्याच वेळात शब्द मागे घेतला. मग काय, रडीचा डाव हा शिक्का बसलाच!

मी कित्येक वर्षं बेकरनाच दोष देत होतो. पण गोर यांनी हाताने मोजणीचा अर्ज केला तो ४च काउंट्यांसाठी, आणि त्या चारही त्यांना जास्त मतं देणाऱ्या. सबंध राज्याचा प्रस्ताव त्यांनी टीव्हीवर नंतर मांडला, तो बुशनी नाकारला. शेवटी फरक राहिला ५३७ मतांचा.

२००१ साली वृत्तपत्रांच्या गटाने बाद मतपत्रिका तपासून घेतल्या. त्या ४ काउंट्या मोजूनही बुशच जिंकले असते. राज्यभरातली सगळी बाद मतं मोजली असती, तर मात्र गोर निसटते पुढे गेले असते.

म्हणजे घोषणा खरी होती. ती देणाऱ्यांनीच ती अर्धी पाळली... असो.