हरिहर: ट्रेक की क्लाइंब?

पावसाळा आला की आमच्या ऑफिसात हा वाद हमखास होतो. हरिहरच्या उभ्या पायऱ्यांचे फोटो बघून नवखे टरकतात. मुरलेले भटके "काही नाही रे, जिना आहे" म्हणून मोकळे. माझ्या मते नाशिकच्या डोंगरांत या प्रश्नाचं उत्तर भूगोलापेक्षा इतिहासात जास्त सापडतं.

आल्प्समधलं माँ ब्लां शिखर पहिल्यांदा सर झालं १७८६ साली. तिथे माणूस कडे चढला तो शिखर गाठायच्या ओढीने. आपल्याकडे मात्र डोंगरावर राहायचं होतं. धान्य, दारूगोळा, शिबंदी सगळं वर न्यायचं म्हणजे रोजच्या वापराची वाट हवी. म्हणून कातळच कोरला! हरिहरच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी हात धरायला खोबण्याही आहेत. हा किल्ला १६३६ मध्ये शहाजीराजांच्या हातून मुघलांकडे गेला, १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो स्वराज्यात आणला. म्हणजे माँ ब्लांवर पहिलं पाऊल पडायच्या निदान दीडशे वर्षं आधी इथे माणसांचा राबता होता.

मग आलं १८१८. एप्रिलमध्ये त्र्यंबकगड पडला आणि आसपासचे बरेच किल्ले न लढताच इंग्रजांच्या हाती गेले. एवढे किल्ले सांभाळायचे तर माणसं आणि पैसा लागणार. त्यापेक्षा वाटच उडवलेली बरी, असा सरळ हिशोब! सुरुंग लावून पायऱ्या फोडल्या की किल्ला आपोआप निकामी. अलंग आणि मदनवर हेच झालं. आज तिथे आपण हार्नेस बांधून, दोर लावून जो 'रॉक पॅच' चढतो, तो एकेकाळी जिना होता. तुटक्या पायऱ्यांचे अवशेष अजून दिसतात.

हरिहर मात्र वाचला. कॅप्टन ब्रिग्ज हा इंग्रज अधिकारी १८१८ मध्येच इथे आला होता. त्याला ही वाट भिंतीला टेकवलेल्या शिडीसारखी वाटली, आणि तिचा तीव्र चढ शब्दांत मांडणं त्याला अवघड गेलं!

गंमत म्हणजे याच डोंगराला खराखुरा क्लाइंबही आहे. १९७५ मध्ये नैऋत्य कड्याने एव्हरेस्ट चढणाऱ्या डग स्कॉटने नोव्हेंबर १९८६ मध्ये हरिहरचा सुमारे १७० मीटरचा कडा दोन दिवसांत सर केला. तोच 'स्कॉटिश कडा'. स्कॉट स्वतः इंग्लंडचा, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

तर मंडळी, जिन्याने जाता तो ट्रेक, कड्याने जाता तो क्लाइंब, आणि अलंग-मदनवर जे करता तो सुरुंगाने क्लाइंब केलेला ट्रेक!

असो. हरिहरला जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळा. अरुंद वाटेवर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर आले की कोंडी ठरलेलीच. उतरताना तोंड कातळाकडे, हात खोबणीत. आणि त्या खोबण्यांवर स्वतःचं नाव कोरू नका. ज्यांनी त्या खोदल्या, त्यांनीही कोरलेलं नाही.