दप्तर कोणाचे, किल्ली कोणाकडे?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

ठाण्याच्या उत्तरेला, खाडीच्या काठी कोलशेत आहे. एका अंगाला आगरी-कोळ्यांचे जुने गावठाण आणि दुसऱ्या अंगाला गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या उंच इमारती. त्यातल्याच एका इमारतीत मी राहतो. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर लोकांनी सोसायटीच्या कमिटीवर बसवले आणि तिथे इतिहासाचा एक धडा मला नव्याने शिकावा लागला.

आमच्या सोसायटीचे सगळे कागद एका माजी सेक्रेटरींनी मोठ्या कष्टाने स्कॅन करून 'क्लाउड'वर ठेवले होते. क्लाउड म्हणजे काही आकाशातला ढग नव्हे. दूरच्या कुठल्या तरी कंपनीच्या संगणकात आपण कपाट घ्यायचे आणि इंटरनेटवरून ते उघडायचे, इतकाच त्याचा अर्थ. सभांची इतिवृत्ते, ताळेबंद, इमारतीचे नकाशे, भाडेकरूंचे करारनामे, त्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती, सारे काही एकाच फोल्डरमध्ये होते. सभासदांची सोय व्हावी म्हणून सेक्रेटरींनी त्याची लिंक ग्रुपवर टाकली. परवानगी दिली ती अशी, की ज्याच्या हाती लिंक असेल त्याने उघडावे.

पाच वर्षे कोणाची तक्रार नव्हती. मग एके दिवशी तिसऱ्या मजल्यावर एकटी राहणारी एक नोकरदार मुलगी आमच्याकडे आली. अनोळखी माणसाचे तिला फोन येत होते. तिचे नाव, गाव, कचेरीचा पत्ता त्याला ठाऊक होता. शोध घेतला तेव्हा कळले, की ती लिंक रंगकाम करणाऱ्या ठेकेदाराला पाठवली होती, दलालाला पाठवली होती, घर सोडून गेलेल्या भाडेकरूंकडेही ती होतीच. कोणी कुलूप फोडले नव्हते. कुलूप लावलेलेच नव्हते. गावठाणातले एक वडीलधारे गृहस्थ आमच्याकडे हिशेब तपासायला येतात. ते म्हणाले, "मास्तर, किल्ली कुलपालाच टांगून ठेवलीत की तुम्ही!"

त्या रात्री मला आपल्या जुन्या दप्तरांची आठवण झाली. कागद पाहणे, त्याची नक्कल घेणे, त्यात बदल करणे आणि दुसऱ्याला ही मुभा देणे, हे चार वेगळे अधिकार आहेत. आपण ते एकाच गाठोड्यात बांधले की घोटाळा होतो. आपल्याकडे हा प्रश्न संगणकाच्या फार आधीपासूनचा आहे.

मराठेशाहीत कागद कापडात बांधून ठेवत. त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. आजच्या फोल्डरचा तो पणजोबाच. गावचा हिशेब कुलकर्णी लिही, पण गावाचा कारभार पाटलाकडे असे. त्यांच्या वर परगण्यात देशमुख-देशपांडे असत आणि देशपांड्यांकडेही गावोगावच्या नोंदी राहत. म्हणजे एकट्या कुलकर्ण्याने आकडा फिरवला, तर तो ताडून पाहायला दुसरा कागद असे. पुण्याच्या हुजूर दप्तरातही चालू कामाचे 'चालते दप्तर' वेगळे आणि जमलेल्या हिशेबांचे 'एकबेरीज दप्तर' वेगळे होते. नाना फडणवीसांच्या काळात या दप्तराला शिस्त होती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात त्याची हेळसांड झाली.

१८१८ साली पेशवाई गेली आणि दप्तराची किल्ली इंग्रजांच्या हाती आली. एल्फिन्स्टनने ते एकत्र करून मॅक्लिऑड नावाच्या अधिकाऱ्याच्या ताब्यात दिले. पुढे याच कागदांचा मोठा उपयोग झाला, तो इनामे तपासण्यासाठी. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. पिढ्यान्‌पिढ्या जमीन खाणाऱ्या माणसाने आपली सनद दाखवून हक्क शाबित करायचा. ज्याची सनद पावसात भिजली, वाळवीने खाल्ली किंवा भाऊबंदकीत हरवली, त्याने काय करावे? सरकारापाशी दप्तर होते आणि ते सरकारच वाचणार होते. दक्षिणेत हजारो इनामे खालसा झाली किंवा कमी झाली. त्यातून उसळलेला असंतोष १८५७ च्या आधीच्या वर्षांत सरकारलाही जाणवत होता. एकच बाजू कागद वाचू शकते तेव्हा काय होते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

त्याचा दुसरा परिणाम इतिहासाला भोगावा लागला. सरकारी दप्तर अभ्यासकांना सहजी खुले नव्हते. रावबहादूर गणेश चिमणाजी वाड यांनी त्यातून निवडून काढलेले उतारे छापून आले, तेवढ्यावर लोकांना भागवावे लागे. इतिहासाचार्य राजवाडे म्हणून तर गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवर चढले आणि घराण्यांकडचे कागद गोळा करत राहिले. १८९८ मध्ये त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. पण घरोघरचे लोक कागद दाखवायला कचरत. का कचरू नयेत? कागद दाखवला आणि जमीन गेली, ही आठवण ताजी होती. अखेर रियासतकार सरदेसायांच्या संपादनाखाली १९३० पासून पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग निघाले. पेशवाई बुडाल्यानंतर सुमारे एकशे बारा वर्षांनी!

सारे बंद ठेवणे हा उपाय नाही, हे यावरून दिसते. मग सारे उघडे ठेवावे काय? त्याचे उत्तर आपल्या सातबाऱ्यात आहे. हक्कनोंदणीची पद्धत मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने सुरू झाली आणि आज ती १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार चालते. सातबारा कोणालाही पाहता येतो, उतारा मिळतो. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा उताराही घरबसल्या मिळू लागला. पण त्यातले एक अक्षर बदलायचे म्हटले, तर आधी फेरफाराच्या वहीत नोंद, चावडीवर ती लावणे, संबंधितांना नोटीस, हरकत आली तर तिची सुनावणी, वरच्या अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र आणि मगच सातबाऱ्यावर बदल. लिहिणारा एक, मंजूर करणारा दुसरा. शिवाय जुनी नोंद पुसली जात नाही, तिला कंस पडतो आणि फेरफाराचा क्रमांक कायम राहतो. वाचायला मोकळीक, लिहायला शिस्त. या पद्धतीतही लबाड्या झाल्या, तंटे झाले. पण तंटा सोडवायला वाट राहिली, ती त्या क्रमांकामुळे.

संगणकवाल्यांनाही हे ठेचा खातच शिकावे लागले. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९६१ साली अनेकांनी मिळून एकच संगणक वापरण्याची सोय पहिल्यांदा दाखवली गेली. प्रत्येकाला स्वतःचा कप्पा आणि परवलीचा शब्द. १९६६ च्या सुमारास तिथे गंमत झाली. दोन कर्मचारी एकाच वेळी काम करत होते. एक जण वापरणाऱ्यांसाठी रोजची सूचना लिहीत होता, दुसरा परवलीच्या शब्दांची यादी दुरुस्त करत होता. दोघांच्या तात्पुरत्या फाइलींना यंत्राने एकच नाव दिले आणि त्यांची अदलाबदल झाली. जो कोणी संगणक उघडी, त्याला सूचनेच्या जागी सगळ्यांचे परवलीचे शब्द दिसत! चोर कोणीच नव्हता, आमच्या सोसायटीतही नव्हता.

पुढे १९७० च्या दशकात युनिक्स या प्रणालीत प्रत्येक फाइलीसाठी मालक, त्याचा गट आणि इतर सर्व, असे तीन वर्ग ठरले. वाचणे, लिहिणे आणि चालवणे हे अधिकारही वेगळे झाले. आजच्या क्लाउडवर 'पाहणारा', 'शेरा देणारा', 'बदल करणारा' असे पर्याय दिसतात, ते याच विचारातून आलेले. मग नवे काय झाले? नवी झाली ती लिंक. पूर्वी दप्तरखान्याच्या दारात माणूस बसे आणि चेहरा पाहून आत सोडे. 'लिंक असेल तो कोणीही' अशी परवानगी म्हणजे चेहरा न पाहणारा द्वारपाल. आणि त्या किल्लीची नक्कल करायला लोहारही लागत नाही, बोटाने पुढे ढकलली की झाले.

आमच्या सोसायटीने मग काय केले, ते सांगतो. फोल्डर सेक्रेटरींच्या खाजगी खात्यातून काढून सोसायटीच्या नावाच्या खात्यात आणले. माणूस बदलला तरी दप्तर जागेवर राहावे, हा हेतू. त्याचे तीन रुमाल केले. इतिवृत्ते आणि ताळेबंद सगळ्या सभासदांना, पण फक्त वाचण्यासाठी. १९६० चा सहकारी संस्था कायदाही तेच सांगतो. एवढेच नव्हे, हिशेबाच्या वह्यांमधला सभासदाच्या स्वतःच्या व्यवहाराचा भाग त्याला पाहता येतो, असा बारकावा त्या कायद्याने साठ वर्षांपूर्वीच ठेवला आहे. दुसरा रुमाल नकाशे आणि ठेक्यांचा, तो कमिटीला. ठेकेदाराला हवा तो एकच कागद, त्याच्या नावाने, काम संपेपर्यंत. तिसरा भाडेकरूंच्या कागदांचा, तो सेक्रेटरी आणि अध्यक्ष या दोघांनाच. लिंकची सरसकट परवानगी बंद केली. आणि पुढच्याला परवानगी देण्याचा अधिकार या दोघांखेरीज कोणालाही ठेवला नाही.

हे एकदा करून भागत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. परवानगी देताना आपण जागरूक असतो, काढून घ्यायला कोणालाच आठवत नाही. कचेरीत बदली झाली की चार्ज देतात, किल्ल्या मोजून घेतात. तशी नव्या कमिटीने चार्ज घेताना परवानग्यांची यादी वाचावी, असा ठराव आम्ही केला आहे. पहिल्या वाचनात आम्हाला सात नावे अशी सापडली, की ती माणसे आता कोलशेतमध्येच राहत नव्हती.

ही सगळी व्यवस्था मी त्या मुलीला समजावून सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "काका, पण ज्यांनी आधीच उतरवून घेतलं असेल, त्यांचं काय?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. क्लाउडवरची परवानगी काढता येते, दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये गेलेली नक्कल परत आणता येत नाही. तिने नंबर बदलला, पोलिसांत अर्ज दिला, अर्जावर साक्षीदार म्हणून मी सही केली. कमिटीच्या पुढच्या सभेत मी तिचा प्रश्न इतिवृत्तात जसाच्या तसा लिहून घेतला आहे. ते इतिवृत्त सगळ्या सभासदांना वाचता येते.