बॅकअप, रिस्टोअर आणि लीळाचरित्र

मंडळी, या शनिवारचा विषय जरा रुक्ष वाटेल. टेप बॅकअप. पण शेवटपर्यंत वाचा. यात तेराव्या शतकातला एक ग्रंथ आहे, बुलढाणा जिल्ह्यातला एक माणूस आहे आणि माझी एक चांगलीच फजिती आहे.

मी मूळचा मलकापूरचा. २००५ च्या सुमारास पुण्यातल्या एका कंपनीत बॅकअप ॲडमिन म्हणून चिकटलो. सुट्टीत घरी गेलो तेव्हा आईनं विचारलं, नेमकं काय करतोस? मी म्हटलं, कंपनीचा सगळा डेटा रात्री टेपवर उतरतो. सकाळी मी भरलेल्या टेपा काढतो आणि रिकाम्या घालतो. ती दोन मिनिटं विचार करून म्हणाली, "म्हंजे तू कॅसेटा बदलतं काय रे बाप्पा?"

तिचं फारसं चुकलं नव्हतं. एलटीओ कार्ट्रिज तळहातावर मावतं आणि आत अर्धा इंच रुंदीची चुंबकीय फीत असते. २००० साली आलेल्या पहिल्या पिढीच्या टेपवर १०० जीबी मावायचे, २०२१ सालच्या नवव्या पिढीच्या टेपवर १८ टीबी मावतात. कपाटाएवढ्या टेप लायब्ररीत यांच्या रांगा असतात. एक रोबो हवी ती टेप उचलून ड्राइव्हमध्ये घालतो. कोणती फाईल कोणत्या टेपवर आहे, याची यादी सॉफ्टवेअर ठेवतं. तिला कॅटलॉग म्हणतात. हा कॅटलॉग गेला तर टेपा हातात असूनही माणूस आंधळा होतो. मग एकेक टेप पुन्हा वाचून यादी नव्यानं बनवत बसायचं.

टेपा फिरवण्याची एक जुनी पद्धत आहे, ग्रँडफादर-फादर-सन. रोजची टेप म्हणजे मुलगा, आठवड्याची म्हणजे वडील, महिन्याची म्हणजे आजोबा. मुलाची टेप लवकर पुसून पुन्हा वापरतात. आजोबा मात्र दुसऱ्या इमारतीतल्या तिजोरीत जातात, म्हणजे इथं आग लागली तरी ते वाचतात. आमच्याकडे हे सगळं व्यवस्थित होतं. टेपांना लेबलं होती, तिजोरीच्या वहीवर सह्या होत्या. मला त्याचा अभिमानही होता.

आता फजिती. आम्ही नेटबॅकअप वापरायचो. त्यात रात्रीचं काम संपलं की एक आकडा येतो. ० म्हणजे सगळं ठीक. १ म्हणजे काम अंशतः झालं, काही फायली घेता आल्या नाहीत. बहुतेक वेळा त्या कुणाच्या तरी उघड्या राहिलेल्या एक्सेल फायली असतात. त्यामुळे १ बघायची डोळ्यांना सवय होते. रोज सकाळी रिपोर्टमध्ये तीन-चार ठिकाणी १ दिसायचा, मी चहा घेत घेत तो मेल वाचल्याची खूण करून टाकायचो.

एका सोमवारी स्टोअर विभागाच्या सर्व्हरची डिस्क गेली. मी बिनधास्त होतो. मुलाची टेप घातली, रिस्टोअर लावला. सगळं परत आलं, फक्त डेटाबेसची मुख्य फाईल नव्हती. वडिलांची टेप घातली, तिथंही नाही. तिजोरीतून आजोबा मागवले, तेही कोरे. ती फाईल रात्रंदिवस उघडी असायची, त्यामुळे बॅकअप तिला रोज वगळून पुढं जायचा. माझ्याकडे त्या सर्व्हरच्या तीन पिढ्या होत्या आणि तिन्ही पिढ्यांत ती फाईल नव्हती. रोजचा तो १ मला हेच सांगत होता.

तो डेटा शेवटी परत आला, पण टेपवरून नाही. स्टोअरच्या काकांचा कॉम्प्युटरवर विश्वास नव्हता. आलेला-गेलेला प्रत्येक माल ते स्वतःच्या वहीत लिहायचे. आम्ही सगळे त्यांना त्यावरून हसायचो. त्यानंतर जवळपास महिनाभर मी आणि दोन ट्रेनी त्यांच्या शेजारी बसून त्या वह्या टाइप करत होतो. काका एकदाही काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

त्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा हे डोक्यातून जात नव्हतं. एका वाचनालयात सहज वि. भि. कोलते यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र हातात घेतलं. कोलते आमच्याच मलकापूर तालुक्यातले. १९०८ साली नरवेलला जन्मले, पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. गावाकडचा माणूस म्हणून नाव माहीत होतं, वाचलं काहीच नव्हतं. प्रस्तावना वाचायला लागलो आणि दचकलो. ही तर रिस्टोअरची गोष्ट होती!

थोडक्यात सांगतो. चक्रधर स्वामी हे महानुभाव पंथाचे प्रवर्तक. ते गावोगाव फिरले. आमच्या जिल्ह्यातली मेहकर आणि लोणार ही गावंही त्यांच्या वाटेवर होती. यादव राजा कान्हरदेव त्यांना लोणारला भेटल्याची लीळा आहे. चक्रधर गेल्यावर पंथाची मंडळी अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला जमली. तिथं म्हाइंभट नावाच्या पंडितानं ठरवलं, की स्वामींच्या आठवणी विरून जाण्याआधी लिहून काढायच्या. ज्यानं जे पाहिलं-ऐकलं त्याच्याकडे तो स्वतः जायचा, विचारून लिहून घ्यायचा आणि पंथाचे आचार्य नागदेव यांच्याकडून तपासून घ्यायचा. तेराव्या शतकाच्या अखेरीस असा हा ग्रंथ तयार झाला. मराठीतला पहिला गद्य चरित्रग्रंथ मानतात तो हाच.

आणि मग तो गेला. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला देवगिरीवर दिल्लीच्या फौजा येऊ लागल्या. त्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली, असं परंपरा सांगते. म्हाइंभटांच्या हातची प्रत आज कुठंही नाही.

मग काय केलं? पंथातल्या हिराइसा नावाच्या बाईंना लीळा पाठ होत्या. त्यांच्या आणि इतरांच्या आठवणीतून ग्रंथ पुन्हा लिहून काढला गेला. आजही हस्तलिखितांच्या एका परंपरेला 'हिराइसापाठ' म्हणतात. दुसऱ्या एका परंपरेचं नाव वाचून मी वाचनालयात एकटाच हसलो. 'पिढीपाठ'! :-)

पण मला खरं थांबवलं ते एका साध्या गोष्टीनं. आठवणी जुळत नव्हत्या तिथं या लोकांनी त्या बळंच जुळवल्या नाहीत. अमकी असं सांगते, तमका तसं सांगतो, अशी नोंद ग्रंथातच ठेवली. म्हणजे काम अंशतः झालंय, हे त्यांनी लपवलं नाही. त्यांच्याकडेही स्टेटस १ होता. त्यांनी तो लिहून ठेवला आणि मी चहाबरोबर गिळला.

पुढची गोष्टही ओळखीची वाटेल. चौदाव्या शतकातच पंथानं आपल्या पोथ्या सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध सकळ लिपी. तिच्यात एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर किंवा खूण येते. आपल्या भाषेत एन्क्रिप्शन. या पोथ्या पंथाबरोबर पंजाबात आणि पार काबूलपर्यंत गेल्या. ऑफसाइट प्रती म्हणा हवं तर. चक्रधर कुठं कुठं राहिले याची गाववार नोंद देणारी 'स्थानपोथी' आहे, तिला कॅटलॉग म्हणायचा मोह मला आवरत नाही.

मात्र एन्क्रिप्शनची एक किंमत असते. किल्ली फक्त मठात होती. त्यामुळे मराठीतलं हे सर्वात जुनं गद्य शेकडो वर्षं उरलेल्या महाराष्ट्राला वाचताच आलं नाही. डेटा शाबूत होता, पण बाहेरच्यांसाठी असून नसल्यासारखा. १९१० च्या सुमारास इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, तेव्हा कुठं दार उघडलं. ज्यांनी एन्क्रिप्टेड टेपा सांभाळल्यात त्यांना हे वेगळं सांगायला नको. टेपेइतकीच किल्लीही जपावी लागते, आणि ती एकाच माणसाच्या डोक्यात असून चालत नाही.

यानंतर ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि कोलते यांनी वेगवेगळ्या पोथ्या घेऊन लीळाचरित्र संपादित केलं. कोलत्यांची आवृत्ती महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं १९७८ साली काढली. पोथ्या समोर मांडायच्या, ओळ न् ओळ ताडून बघायची, फरक नोंदवायचा. या कामाला आम्ही व्हेरिफाय म्हणतो आणि आमचं सॉफ्टवेअर ते रात्री आपोआप करतं. कोलत्यांनी त्याला आयुष्यातली कित्येक वर्षं दिली.

मी पुण्याला परत आल्यावर दोन गोष्टी बदलल्या. डेटाबेससाठी वेगळा एजंट लावला, म्हणजे फाईल उघडी असली तरी तिची धड प्रत मिळते. आणि दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी कोणतीही एक टेप उचलून, कोणतीही एक फाईल खरोखर परत आणून, ज्याची असेल त्याला उघडून बघायला सांगायची. पहिली फाईल मी स्टोअरच्या काकांची घेतली. त्यांनी ती वहीशी ताडून बघितली, मग मान हलवली. वही लिहिणं मात्र थांबवलं नाही. मीही थांबवा म्हटलं नाही.

आता बरेच जण म्हणतील, क्लाउडच्या जमान्यात टेपेचं काय घेऊन बसलास. तर २०११ साली सॉफ्टवेअरमधल्या एका चुकीनं जीमेलच्या ०.०२ टक्के ग्राहकांची पत्रं गायब झाली. डिस्कवरच्या सगळ्या प्रतींना तीच चूक बाधली होती. गूगलनं ती पत्रं परत आणली टेपवरूनच. शेल्फवर पडलेल्या टेपेपर्यंत ना चूक पोचते, ना रॅन्समवेअर.

असो. या वीकएंडला एकच करा. तुमच्या घरच्या हार्डडिस्कवर, क्लाउडवर, जिथं कुठं आईवडिलांचे जुने फोटो 'सेफ' आहेत ना, त्यातला एक फोटो परत आणून उघडून बघा. नाव दिसतंय एवढ्यावर खूश होऊ नका, उघडून बघा. आणि तो कधीचा, कुठला हे ज्यांना आठवतंय, त्यांना या सुट्टीत विचारून लिहून घ्या. म्हाइंभटांनी तेच केलं होतं.