अर्ध्या तासाची विश्रांती आणि मधुमेही कामगार

कामगाराच्या जेवणाला कायद्याने वेळ केव्हा दिली, हा प्रश्न वरवर गौण वाटतो. परंतु अन्नोत्पादन करणाऱ्या कारखान्यातील मधुमेही कामगाराचा विचार करू लागताच तो मध्यवर्ती ठरतो. वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात त्याची मांडणी करण्याचा येथे हेतू आहे.

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी-कामगारांनी केलेल्या मागण्यांत रविवारच्या सुटीबरोबर दुपारच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीचाही अंतर्भाव होता. १८९१ च्या कायद्याने ती मान्य केली. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती विहित केली. हा लाभ मोठा होता. मात्र सर्वांच्या शरीराचे घड्याळ एकच, हे त्यात गृहीत होते. १९२२ मध्ये टोरँटो येथे इन्सुलिनचा उपचार सुरू झाला आणि या गृहीताला बाध आला. औषधाच्या बळावर मधुमेही मनुष्य काम करू लागला. परंतु त्याच्या जेवणाची वेळ आता भोंगा नव्हे, तर औषध ठरवू लागले.

वर्ध्यात हा प्रश्न निराळे रूप घेतो. १९३४ च्या डिसेंबरात येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत, जो. कॉ. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली, तेलघाणी, हातसडीचा तांदूळ, मधुमक्षिकापालन अशा उद्योगांचे प्रयोग झाले. घरच्या घाणीवर राबणारा आपल्या वेळेला भाकरी खाऊ शकतो. पण दुसऱ्याच्या घाणीवर मजुरी करणाऱ्यास ते स्वातंत्र्य नसते. शिवाय विजेवर चालणाऱ्या कामात दहांहून कमी आणि हातकामात विसांहून कमी माणसे असलेली ठिकाणे सामान्यतः १९४८ च्या अधिनियमाबाहेर राहिली. परिणामी लहान अन्नोद्योगातील मजुराचा अर्धा तास मालकाच्या सद्भावावर अवलंबून राहिला.

मोठ्या कारखान्यातही अडचण होती. १९४८ च्या अधिनियमाच्या ४७ व्या कलमानुसार, भोजनकक्ष असेल तेथे कार्यकक्षात खाण्यास मनाई होती. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी अन्न हाताळण्याच्या जागी खाणे वर्ज्य केले. स्वच्छतेच्या दृष्टीने हे योग्यच आहे. तथापि जेवण लांबले आणि रक्तातील साखर उतरली, तर घाम, कंप व भ्रम उद्भवतात. उकळत्या कढईपाशी वा फिरत्या यंत्रापाशी हे प्राणावर बेतू शकते. तेच नियम कामगारांच्या वार्षिक वैद्यकीय तपासणीत संसर्गजन्य रोगांचा शोध घेतात. मधुमेह संसर्गजन्य नाही. त्या कारणाने कोणास दूर ठेवणे निराधार आहे.

यावरील उपाय खर्चाचे नाहीत. कार्यकक्षालगत खाण्याची व साखर तपासण्याची जागा, ठरलेल्या वेळी अल्प विश्रांती, परतताना हात धुण्याची सोय, इन्सुलिनसाठी शीतकपाट, शक्यतो स्थिर पाळी आणि कामगाराच्या संमतीने एका सहकाऱ्यास माहिती, एवढे पुरेसे ठरते. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने कामाच्या ठिकाणी वाजवी सोयीचे तत्त्व स्वीकारले. त्याच्या अनुसूचीत मात्र मधुमेहाचा स्वतंत्र उल्लेख नाही.

तात्पर्य, लोखंडे यांच्या काळातील लढा सर्वांसाठी समान वेळ मिळविण्याचा होता. त्यापुढील पायरी म्हणजे ज्याच्या शरीराला निराळी वेळ हवी, त्याला ती देणे. ही पायरी कायद्याने अद्याप स्पष्ट शब्दांत नोंदविलेली नाही.